रूथ हॉलच्या नावावरचे शंभर शेअर्स

अमेरिकन कादंबरीतली स्त्री : लेखांक ६

फॅनी फर्न या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची ‘रूथ हॉल’ ही कादंबरी १८५४च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. नायिकेवर संकटे यावीत, तिने ती निमूट सोसावीत आणि शेवटी तिला चांगले स्थळ मिळावे, अशी त्या काळच्या वाचकाची सवय. रूथवर संकटे येतात. नवरा जातो, पदरात दोन मुली, आणि सासर-माहेर दोन्हीकडे ऐपत असून कुणी हात पुढे करत नाही. शिवणकामाने पोट भरेना तेव्हा ती वर्तमानपत्रांत लिहू लागते आणि पाहता पाहता तिचे नाव होते. पण पुढे लग्न काही होत नाही. त्याऐवजी शेवटाकडे वाचकाच्या समोर एक चित्र येते : बँकेचे शेअर सर्टिफिकेट, शंभर शेअर्स, किंमत दहा हजार डॉलर, मालक रूथ हॉल. लग्नाच्या जागी हा कागद छापणे हे त्या शतकातले अतिशय धीट पाऊल होते, असे मला वाटते. या कादंबऱ्या कशा वाचाव्यात हेही त्या कागदाने शिकवले आहे.

आपली नेहमीची रीत अशी की नायिकेने शेवटी लग्न केले तर ती हरली आणि नाकारले तर जिंकली असे धरायचे. आजच्या लेखांकात मला या रीतीविरुद्ध बोलायचे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कादंबरीत स्त्रीचे स्वातंत्र्य शेवटच्या प्रकरणात शोधून सापडत नाही. पैसा कुठून आला, घर कुणाचे आहे, कागदावर सही कुणाची चालते, हे प्रश्न विचारले तर ते सापडते. गेल्या वेळी आपण कायदा पाहिला. इंग्लंडकडून आलेल्या परंपरेनुसार लग्न होताच स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन होई. तिची जंगम मालमत्ता आणि मजुरी त्याची, आणि स्वतःच्या नावाने करार करण्याचा अधिकार तिला नाही. १८३९ साली मिसिसिपीने आणि १८४८ साली न्यूयॉर्कने विवाहितेच्या मालमत्तेला काही संरक्षण दिले. पण तिची कमाई तिचीच, हे न्यूयॉर्कने मान्य केले ते १८६०मध्ये. हे लक्षात घेतले की रूथ विधवा का आहे ते कळते. करुणरसासाठी लेखिकेने तिचा नवरा मारलेला नाही. विधवेची सही चालते, म्हणून तिला संपादकाशी सौदा करता येतो. पुस्तकासाठी एकरकमी पैसे घ्यायचे की प्रत्येक प्रतीमागे हिस्सा, हा निर्णय ती स्वतः घेते आणि हिस्सा निवडते. फॅनी फर्नला हे सगळे अनुभवाने ठाऊक होते. पहिला नवरा वारला, दुसऱ्याला सोडून ती बाहेर पडली. १८५५ साली ‘न्यूयॉर्क लेजर’ने तिला एका स्तंभाचे शंभर डॉलर देऊ केले, आणि १८५६ साली तिने तिसरे लग्न केले ते माझी मिळकत माझी आणि माझ्या मुलींची, असा करार आधी करून घेऊन. म्हणजे लग्नाला तिचा विरोध नव्हता. विरोध होता तो लग्नाच्या अटींना.

याच नजरेने लुईझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’कडे पाहावे. पहिला भाग १८६८चा, दुसरा १८६९चा. मधल्या काळात वाचक मुलींची पत्रे आली : नायिका जो आणि लॉरीचे लग्न लावा. अल्कॉटच्या मनात जोला अविवाहित लेखिकाच ठेवायचे होते, आणि ती स्वतःही जन्मभर अविवाहित राहिली. शेवटी तिने जोचे लग्न लावले, पण श्रीमंत, देखण्या लॉरीशी नव्हे. वयाने मोठ्या, खिसा रिकामा असलेल्या प्रोफेसर भेअरशी. लेखिकेने बाजारापुढे मान तुकवली, असे यावर नेहमी म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. लग्नानंतर जोची लेखणी बाजूला पडते, हेही खरे. तरीही हिशेब पाहा. जोच्या कथांच्या पैशातून आजारी बहीण बेथ समुद्रकाठी हवापालटाला जाते, खाटकाची उधारी फिटते, घरात नवा गालिचा येतो. आणि नवराबायको जिथे मुलांची शाळा काढतात ते प्लमफील्डचे घर मार्च आत्याने जोच्या नावावर ठेवलेले असते. जो नवऱ्याच्या घरी जात नाही, नवरा तिच्या घरी येतो. अल्कॉटच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८५५पासून विवाहितेची मालमत्ता आणि कमाई तिचीच राहू शकत होती. कादंबरी ही मोकळीक गृहीत धरते. अल्कॉटने स्वतः या पुस्तकाचा कॉपीराइट विकला नाही, आपल्याकडे ठेवला. तिच्या कुटुंबाचे दारिद्र्य त्याच निर्णयाने संपले.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप हेन्री जेम्सच्या वाचकाकडून येईल. ‘द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ १८८१चे. इझाबेल आर्चरला सत्तर हजार पौंडांचा वारसा मिळतो, आणि त्याच पैशामुळे ती गिल्बर्ट ऑझमंडशी लग्न करून त्याच्या जाळ्यात सापडते. मग पैशाने स्वातंत्र्य येते हे म्हणणे कुठे उरले? आक्षेप खरा आहे आणि माझ्या म्हणण्याला मर्यादा घालणारा आहे : पैसा पुरेसा नसतो. पण जेम्स आणखी एक गोष्ट दाखवतो. इझाबेलने तो पैसा मिळवलेला नाही, मागितलेला नाही. मावसभाऊ राल्फने, ती काय करते ते पाहावे म्हणून, मरणासन्न बापाकडून तो तिच्या नावे करवला. तो पैसा तिला ओझे वाटतो आणि कुणा योग्य माणसाच्या स्वाधीन करावासा वाटतो. रूथने एकेक डॉलर मोजून घेतला होता, म्हणून तिला त्याची किंमत माहीत होती; इझाबेलला ती शिकायला कुणी वेळच दिला नाही. शेवटी नवऱ्याचा विरोध मोडून ती राल्फला भेटायला इंग्लंडला जाते आणि पुन्हा रोमला नवऱ्याकडे परतते. त्या परतण्याने वाचक अस्वस्थ होतो, कारण न परतण्याची ऐपत तिच्यापाशी होती. ऐपत नसती तर तो निर्णयच ठरला नसता.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी गोऱ्या मध्यमवर्गाची गोष्ट झाली. हे मान्यच करायला हवे. गुलामगिरीत जगणाऱ्या स्त्रीला मालमत्ता सोडाच, लग्नही कायद्याने नव्हते. तिच्या बाबतीत विवाह हाच नाकारलेला हक्क होता. म्हणून फ्रान्सिस हार्परच्या ‘आयोला लेरॉय’चा (१८९२) शेवट लग्नात होतो, याला माघार म्हणणे अन्याय आहे. आयोलाच्या बापाने तिच्या आईला गुलामीतून मुक्त करून तिच्याशी लग्न केलेले असते. तो मरताच एक नातेवाईक ती मुक्ती आणि ते लग्न, दोन्ही रद्द ठरवून घेतो आणि आयोला गुलामीत ढकलली जाते. इथेही स्त्रीचे नशीब कागदाने ठरते. पण हार्परची नायिका लग्नावर थांबत नाही. प्रत्येक स्त्रीला आपली भाकरी मिळवता यावी, असे ती ठामपणे म्हणते, नोकरी धरते, आणि वंश कळल्यावर ती नोकरी गमावते. गोऱ्या डॉक्टर ग्रेशमला नकार देऊन ती डॉक्टर लॅटिमरला वरते, कारण दोघांना आपल्या समाजात एकच काम करायचे आहे.

नकार देणाऱ्या नायिकांमध्ये सेरा ऑर्न ज्युएटची नॅन प्रिन्स मला फार मोलाची वाटते. ‘अ कंट्री डॉक्टर’ १८८४मध्ये आली. वकील असलेल्या जॉर्ज गेरीला नॅन नाही म्हणते, आणि त्यात वैर नाही. तिला डॉक्टर व्हायचे आहे एवढेच. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकी शिकत होत्या. १८८६ साली त्यांच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई तिथे पोचल्या, आणि १८८९च्या ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या मराठी पुस्तकात त्यांनी तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. म्हणजे नॅनसारख्या स्त्रियांची खबर मराठी वाचकाला मराठीतूनच मिळालेली आहे.

पुढच्या आठवड्यात केट शोपँची ‘द अवेकनिंग’ (१८९९) घेऊ. एडना पाँटेलिए नवऱ्याचे घर सोडून छोट्या घरात जाते तेव्हा भाड्याचे पैसे आईच्या मिळकतीतून, घोड्यांच्या शर्यतीतून आणि विकलेल्या चित्रांतून येतात; तिथूनच सुरुवात करायची आहे. त्याआधी शोपँची ‘द स्टोरी ऑफ अ‍ॅन अवर’ ही १८९४ची कथा जरूर वाचा. जेमतेम दोन-तीन पानांची आहे, आणि पुढच्या लेखांकात तिचा आधार लागणार आहे.