मनगटाला डोळे दिसत नाहीत

‘रात्र एकच, पण घड्याळ झोपेला 88 गुण देतं आणि बोटातली अंगठी 71. खरं कुणाचं मानायचं?’ एका वाचकाचा हा प्रश्न. अनेकांना तो पडत असणार.

झोपेचे गुण ताप मोजावा तसे मोजलेले नसतात. यंत्र आधी झोपेचा अंदाज बांधतं आणि मग त्या अंदाजाला कंपनीने ठरवलेलं गुणांकन लागतं. फिटबिटने हे गुण सुरू केले तेव्हा 100 पैकी 50 झोपेच्या वेळेला होते, 25 गाढ आणि रेम (डोळे भराभर हलतात त्या) झोपेला, उरलेले 25 झोपेतली नाडी आणि चुळबुळ यांना. ॲपलने 2025 मध्ये आपली पद्धत आणली. तिथे कालावधीला 50, रोज ठरल्या वेळी झोपण्याला 30, मध्येच जाग येण्याला 20. गाढ झोपेला एकही गुण नाही! प्रश्नपत्रिकाच वेगळ्या असतील तर निकाल जुळणार कसे?

आता मुळातला अंदाज. मनगटावरच्या पट्ट्यात हालचाल टिपणारा संवेदक असतो आणि त्वचेवर हिरवा प्रकाश टाकणारे बारीक दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश किंचित घटतो, त्यावरून नाडी कळते आणि दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतंय तेही कळतं. शेजारच्या बंद घराच्या भिंतीला कान लावून आत काय चाललंय ते ओळखण्यासारखं हे आहे. भांडी वाजली, कुकरची शिट्टी झाली तर कुणीतरी जागं आहे हे नक्की. पण सगळं शांत असेल तर? घरचे झोपलेत, की कुणी अंधारात छताकडे बघत पडलंय? पट्टाही नेमका इथेच फसतो. निश्चल पडून राहिलेल्या जाग्या माणसाला तो बऱ्याचदा झोपेत धरतो, म्हणजे निद्रानाशाने त्रासलेल्या माणसाच्या बाबतीतच त्याची चूक मोठी होते.

प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण एकाच वेळी नोंदवतात. त्यातल्या डोळ्यांची गोष्ट सांगायलाच हवी. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी होता. साधी पदवीही नसलेला, पण संशोधनाला लागलेला. 1951 च्या अखेरीस त्याने एका जुनाट यंत्राच्या तारा आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ चिकटवल्या. रात्री कागदावरच्या लेखण्या एकाएकी जोराने हलू लागल्या. पोरगा उठला वाटतं, म्हणून तो बघायला गेला, तर पोरगा शांत झोपलेला! यंत्र बिघडल्याची शंका त्याने चिकाटीने निस्तरली. त्याचे मार्गदर्शक नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी आपल्या मुलीवर तेच पाहिलं, तेव्हा त्यांची खात्री पटली. 1953 मध्ये ‘सायन्स’मध्ये दोघांचा जेमतेम दोन पानांचा निबंध आला आणि रेम झोप जगाला कळली. निद्राविज्ञानाचे जनक हा मान क्लाइटमन यांच्याकडे गेला. ॲसेरिन्स्की मात्र त्याच वर्षी सिॲटलला, साल्मन माशांवर विजेच्या प्रवाहाचा परिणाम अभ्यासायला निघून गेला. रेमबद्दल बोलताना त्याचं नाव आधी यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ज्या डोळ्यांवरून या झोपेला नाव मिळालं, ते मनगटावरून दिसतच नाहीत. शरीर निपचित, पण नाडी अनियमित, एवढ्यावरून पट्टा ‘रेम’ म्हणतो. नाडी संथ आणि एकसारखी असेल तर ‘गाढ’. हे त्याला शिकवलं जातं ते पट्टा आणि प्रयोगशाळेतल्या तारा एकदमच लावून झोपलेल्या माणसांच्या नोंदींवरून. त्या नोंदी तपासणारे तंत्रज्ञ 30 सेकंदांच्या तुकड्याला एक नाव देतात. हे 30 सेकंद निसर्गाने ठरवलेले नाहीत. जुन्या यंत्रात कागद सेकंदाला 10 मिलिमीटर सरकायचा आणि पान 30 सेंटिमीटरचं होतं, म्हणून 30 सेकंद. आठ तासांची 960 पानं! त्यातही दोन कसलेल्या तंत्रज्ञांचं साधारण 80 टक्के तुकड्यांवरच एकमत होतं. गुरूंचंच इतकं जुळतं, मग शिष्याने ‘रेम 1 तास 42 मिनिटं’ असं मिनिटासकट सांगितलं तर त्यावर किती विसंबायचं?

आकडा नुसता चुकून थांबत नाही. 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निद्रानाशाची लक्षणं असलेल्या 63 जणांना झोपेबद्दल बनावट निकाल दिले. ‘वाईट झोपलात’ असं ज्यांना सांगितलं, त्यांना दिवसभर थकवा जास्त जाणवला, मनही खट्टू राहिलं. चांगले गुण मिळवण्याच्या ध्यासापायीच झोप उडालेल्या रुग्णांसाठी तर 2017 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘ऑर्थोसोम्निया’ हे नाव सुचवलं होतं.

तेव्हा पट्टा वापरायचाच तर किती वाजता पडलात आणि किती वाजता उठलात, हे काही आठवड्यांचं चित्र पाहा; ते त्याला बऱ्यापैकी जमतं. गाढ आणि रेमची मिनिटं सोडून द्या. घोरताना श्वास अडकतोय असं घरातलं कुणी सांगत असेल, तर गुण 90 असले तरी डॉक्टरांकडे जा.