हातासरशी (भाग ९) : कंबरेला बांधायची पिशवी

मागच्या भागात गिट्टी आणि स्क्रूची जोडी कशी जमवायची ते पाहिलं. ती जोडी, हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढलं की पहिली अडचण येते ती हे सगळं ठेवायचं कुठे याची. दोन स्क्रू ओठांत, पेन्सिल कानावर, हातोडी पडद्याच्या पेल्मेटवर, आणि नेमकं हवं ते जमिनीवर. मग उतरा, शोधा, पुन्हा चढा. पाय घसरतो तो बहुधा अशा उतरण्या-चढण्यात. शिवाय स्क्रू ओठांत धरण्याची सवय वाईटच. एक ठसका लागला तरी तो घशात जाऊ शकतो.

आपल्याकडच्या सुतारांच्या कंबरेला पिशवी क्वचितच दिसते. त्यांच्या हाताखाली एक पोरगा असतो. वरून नुसतं ‘पटाशी’ म्हटलं की पटाशी वर येते. गवंड्याची थापी आणि ओळंबा घमेल्यातून फिरतात. अमेरिकेत मात्र बहुतेक घरं लाकडी सांगाड्यावर उभी राहतात. तिथला सुतार दिवसभर खिळे ठोकत असतो, म्हणून त्याला दोन्ही बाजूंना खोल कप्पे आणि वजन पेलायला खांद्यावरून पट्टे असलेला जाडजूड पट्टा लागतो. ऑनलाइन दुकानांत सगळ्यात रुबाबदार दिसतो तो हाच. आपल्या विटा-काँक्रीटच्या घरात पडद्याचा रॉड लावायला चार-सहा स्क्रू लागतात. त्यासाठी तो पट्टा बांधणं हौस म्हणून ठीक, पण दाराच्या चौकटीतून जाताना तो दोन्हीकडे अडकतो.

घरासाठी एका बाजूची, पाच-सहा कप्प्यांची पिशवी पुरते. इलेक्ट्रिशियन वापरतात तीच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘टूल पाऊच’ मागा. जाताना स्वतःची पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर बरोबर न्या आणि दुकानातच कप्प्यांत घालून बघा. नाशिकला बनणारी टपारियाची आठ इंची पक्कड बऱ्याच घरांत असते. ती कप्प्यात अर्धी आत आणि मुठी बाहेर अशी बसली पाहिजे. पूर्ण बुडाली तर काढताना बोटं खुपसावी लागतात, आणि वरवर राहिली तर वाकताच बाहेर पडते.

कापडाचं म्हणाल तर चामडं दिसायला देखणं, पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते. रेक्झीन घडीवर तडकतं. जाड पॉलिस्टर घ्यावं. त्यावर ‘६०० डेनियर’ असा आकडा लिहिलेला असतो; ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. १,६८० डेनियरचंही मिळतं, पण घरच्या कामाला ६०० पुरे. आकड्यापेक्षा कप्प्याचा तळ तपासा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक सगळ्यात आधी तिथून बाहेर येतं, म्हणून तळाला दुहेरी कापड हवं आणि कप्प्यांच्या वरच्या कोपऱ्यांवर रिव्हेट हवेत.

पट्टा दोन इंच रुंद असावा. अरुंद पट्टा वजनाने कंबरेत रुततो. तो पोटावर आवळायचा नाही, खाली नितंबाच्या हाडावर टेकवायचा. ज्या कपड्यांत काम करणार त्यांच्यावरूनच मापून घ्या, कारण साडी किंवा कुर्त्यावर माप बदलतं. नुसत्या क्लिपने सलवारीला किंवा ट्रॅकपँटला अडकवायची पिशवी घेऊ नका. हातोडी घातली की ती कपड्यासकट खाली येते.

आता भरणं. इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो आणि घरातली सगळी हत्यारं कंबरेला येतात. पिशवी कामागणिक भरायची. पडद्याच्या रॉडसाठी मोजपट्टी, पेन्सिल, स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, गिट्ट्या आणि स्क्रू, बस्स. ड्रिल पिशवीत कधीच नाही. ते खालून कुणीतरी हातात द्यावं. उजव्या हाताने काम करत असाल तर पिशवी उजवीकडे, किंचित पुढे. पाठीमागे मणक्यावर काहीही टणक येऊ देऊ नका, कारण तोल जाऊन पाठीवर पडलात तर पक्कड थेट मणक्यात बसेल. टोकं खाली, कटरचं पातं आत. प्रत्येक वस्तूचा कप्पा एकदा ठरवला की बदलायचा नाही, म्हणजे नजर भिंतीवर ठेवून हात बरोबर तिथे जातो. स्क्रू आणि गिट्ट्या एकाच कप्प्यात टाकल्या तर मात्र स्टुलावर बसून धान्य निवडल्यासारखं निवडत बसावं लागतं.

विजेच्या कामात एक जास्तीची काळजी. पोलादी मोजपट्टी पिशवीबाहेर क्लिपला लोंबत असेल तर उघड्या बोर्डासमोर वाकताना ती आत शिरू शकते. मेन स्विच बंद केला तरी मोजपट्टी काढूनच ठेवा. आणि टेस्टरवर विसंबण्याआधी तो चालू असलेल्या सॉकेटवर एकदा लावून बघा. दिवाच गेलेला टेस्टर बोर्डात वीज नसल्याचं खोटंच सांगतो.

सिंकखाली शिरायचं असेल तर पिशवी उतरवून शेजारी ठेवावी. आडवं झालं की हत्यारं सांडतात आणि हाडालाही टोचतात.

काम संपलं की पिशवी उलटी करून झटका. काँक्रीटची भुकटी दमट हवेत ओल धरते आणि हत्यारांना गंज चढवते. रिकामी पिशवी खुंटीला टांगा, मुलांचा हात पोचणार नाही इतकी उंच.

पुढच्या आठवड्यात भिंतीत ड्रिलने भोक पाडायचं आहे. सहा मिलिमीटरचा काँक्रीटचा बिट आणि त्याच मापाच्या गिट्ट्या आणून ठेवा.