उन्हाविना मिळणारी वीज

भोकरच्या शिवारातल्या विहिरीवरच्या तीन अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे सव्वादोन हजार वॅट वीज लागते. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांकडे सुरुवातीला होती प्रत्येकी जेमतेम ४७० वॅट, आणि ती दरवर्षी साधारण चार वॅटनं घटत गेली. तेवढ्यावर ही यानं ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली, हे मला आजही थक्क करतं.

सूर्यापासून इतक्या दूर सौर पॅनेल निकामी. म्हणून यानात प्लुटोनियम-२३८ असतं. ते आपोआप क्षय पावत राहतं आणि तापतं. निम्मं उरायला ८७.७ वर्षं लागतात. सिलिकॉन-जर्मेनियमच्या जोडांचं एक टोक या उष्णतेकडे, दुसरं अवकाशाच्या गारठ्याकडे. तापमानातल्या या फरकातूनच वीज वाहते. हा परिणाम शास्त्रज्ञ सीबेकनं १८२१ मध्ये टिपला होता. फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे झिजायला काही नाही. उणीव एकच, पण मोठी: शंभर वॅट उष्णतेतून हाती येते सहा-सात वॅट वीज.

आपल्याकडे या तंत्राची सुरुवात उष्णतेपासून झाली. चांद्रयान-३ च्या प्रणोदन विभागावर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं बनवलेले एकेक वॅटचे दोन किरणोत्सारी हीटर होते. ते वीज देत नाहीत, फक्त ऊब देतात. विक्रम लँडरवर मात्र तसे हीटर नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये चंद्रावरची चौदा दिवसांची गोठवणारी रात्र सरली, तरी विक्रम आणि त्याच्यासोबतचा प्रज्ञान रोव्हर जागे झाले नाहीत.