भुईमुगाची चकती व घरीं बांधलेलें कोरणयंत्र

दोन वर्षांपूर्वीं आम्हीं भुईमुगाकरितां तिरप्या चकत्यांचें पेरणीयंत्र घेतलें. चकतीच्या कडेच्या प्रत्येक खांचेंत एकच दाणा बसावा, तो वर चढून नळींत पडावा व तासांत ठराविक अंतरावर पोहोंचावा, अशी त्याची योजना आहे. योजना उत्तम, परंतु यंत्राबरोबर आलेली चकती टीएजी २४ सारख्या मध्यम दाण्याच्या मापाची, आणि आमचें बियाणें टीपीजी ४१ चें, म्हणजे चांगलें टपोरें. कांहीं खांचा रित्याच वर येत, कांहींत दाणा अर्धवट अडकून त्याचें तांबडें साल निघे. आणि साल दुखावलेला दाणा उगवण्याची आशा थोडीच. बारा दिवसांनीं बांधावर उभे राहून पाहतों तों तासांत जागोजाग तुटाळ. नांग्या भरण्यास बायका लावाव्या लागल्या, व मागून टोकलेलें रोप पहिल्याच्या सावलींत सांपडून खुजें राहिलें तें राहिलेंच.

मोठ्या खांचांची चकती विकणारानें 'पुढील हंगामांत पाहूं' म्हणून सांगितलें. गांवच्या सुतारानें शिसवीची एक करून दिली. ती दिसण्यांत सुबक होती, पण मृगाच्या दमट हवेंत फुगून घरांतच अडकून बसली. हा दोष सुताराचा नव्हे, लांकडाचा. चकती प्लॅस्टिकच्या जाड पत्र्याची हवी व अठराहि खांचा हुबेहूब एकसारख्या हव्यात, हें ठरल्यावर ज्यास कारखान्यांत 'सीएनसी राउटर' म्हणतात तें कोरणयंत्र घरीं बांधण्याचें आम्हीं मनांत आणिलें.

या यंत्राचा पूर्वेतिहास सांगण्याजोगा आहे. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत ट्रॅव्हर्स सिटी येथें जॉन पार्सन्स हे कारखानदार हेलिकॉप्टरचीं पातीं करीत. वक्र आकृतीवरील बिंदूंचीं मापें आंकड्यांनीं देऊन धातु कापण्याची त्यांची कल्पना १९४९ सालीं तेथील हवाईदलानें उचलून धरली, व १९५२ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें भोंकें पाडलेल्या फितीवरून चालणारें यंत्र लोकांस दाखविलें. त्या वेळचें नियंत्रणाचें कपाट खुद्द यंत्राहून मोठें होतें. आज तेंच काम आर्डुइनो नांवाची तळहाताएवढी पाटी करते. ही २००५ सालीं इटलींतील इव्हरेआ येथें निघाली. तिजवर चालणारी 'ग्रब्ल' ही आज्ञावली २००९ सालीं नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनीं लिहून सर्वांस विनामूल्य दिली.

काम असें चालतें. संगणकावर आकृति काढली कीं तिच्यापासून 'येथून तेथवर, इतक्या वेगानें' अशा ओळींची यादी तयार होते. पाटी त्या ओळी वाचून मोटारींस धक्के देते. मोटारीचा एक फेरा २०० पायऱ्यांचा. आम्हीं प्रत्येक पायरीचे ८ भाग ठेविले, म्हणजे १,६०० धक्के. आमच्या मळसूत्राची चाल एका फेऱ्यास ५ मिलिमीटर. सबब दर मिलिमीटरास ३२० धक्के. ग्रब्लमध्यें १००, १०१ व १०२ या क्रमांकांच्या नोंदींत हा आंकडा तिन्ही दिशांकरितां भरावयाचा असतो. मात्र तेवढ्यावरून यंत्र मिलिमीटराच्या तीनशें विसाव्या भागापर्यंत अचूक कापील असें मानणें म्हणजे तागडीच्या कांट्यावर बारीक रेघा आहेत म्हणून दांडी सरळ आहे असें मानण्यासारखें होय.

चौकट ॲल्युमिनियमच्या चौरस नळ्यांची केली व कापण्याची जागा ५०० मिलिमीटर लांबरुंद ठेविली. घरच्या मंडळींचा आग्रह दुप्पट मोठें करण्याचा होता, कीं देवघराचीं दारेंहि कोरतां यावीं. परंतु तीच तुळई दुप्पट लांब केली तर तितक्याच भारानें ती आठपट वांकते, हा हिशेब दाखविल्यावर आग्रह निवळला. आडव्या तुळईच्या दोन्ही बाजूंस एकेक मळसूत्र, दोहोंमध्यें अंतर ६०० मिलिमीटर. तुळईवर सुताराचें हातांत धरावयाचें राउटर मोटारीसह बसविलें.

पहिली चकती १२० मिलिमीटर व्यासाची सांगितली असतां ११७ ची निघाली. पातें तीन मिलिमीटरांचें. तें रेघेवरूनच फिरलें व दोन्ही बाजूंस दीड दीड मिलिमीटर खाऊन गेलें. ही चूक आकृतींतील असल्यानें लगेच सुधारली. दुसरी चकती मात्र आम्हांस तीन आठवडे पुरली. ती डोळ्यांस गोल दिसे, पण पेरणीयंत्रांत बसविली कीं अर्ध्या फेऱ्यांत अडके, पुढें सुटे, पुन्हां अडके. मोटारी, तारा, आंकडे सर्व तपासून झालें. अखेर कॅलिपर घेऊन व्यास चारीं अंगांनीं मोजले. उभा व आडवा व्यास बरोबर होता. दोन तिरप्या व्यासांत मात्र ०.६ मिलिमीटर फरक होता. चकती गोल नसून किंचित् लंबगोल होती.

असा तिरपा लंबगोल आला कीं दोन दिशा एकमेकींशीं काटकोनांत नाहींत असें समजावें. चौकटीस गुण्या लावून याचा निकाल लागत नाहीं. गुण्यानें चौकट कळते, चाल कळत नाहीं. आम्हीं यंत्राकडूनच ५०० मिलिमीटर चौरसाच्या चार कोपऱ्यांवर बारीक भोंकें पाडविलीं व कर्ण मोजले. त्यांत साडेतीन मिलिमीटरांची तफावत आली. साडेतीनास कर्णाच्या लांबीनें, म्हणजे सुमारें ७०७ नें, भागिलें कीं कलण्याचें प्रमाण दर दोनशांस एक निघतें. तेव्हां ६०० मिलिमीटरांच्या तुळईचें एक टोंक तीन मिलिमीटर मागें राहिलें होतें. पांच मिलिमीटर चालीच्या मळसूत्रास हें अंतर म्हणजे तीनपंचमांश फेरा. एका बाजूची मोटार मोकळी करून तितका फेरा हातानें दिला, पुन्हां भोंकें पाडलीं, आणि कर्णांतील फरक कॅलिपरच्या हातीं लागेना.

आतां चकती फिरूं लागली, तरी तिच्या कडेवर चार ठिकाणीं, वर, खालीं, डावीकडे व उजवीकडे, नखास लागेल इतका सपाटपणा राहिला. वर्तुळ कापतांना याच चार जागीं एकेक दिशा उलटते. तेथें सपाट आलें तर मळसूत्राच्या नटांत किंवा सांध्यांत ढिलाई आहे असें जाणावें. ग्रब्लमध्यें ही ढिलाई आंकड्यानें भरून काढण्याची सोय नाहीं. आमचे येथें मोटारींच्या दांड्यांवरील बारीक स्क्रू गुळगुळीत लोखंडावर घसरत होते. दांड्या कानशीनें एका बाजूस चपट्या केल्या व ते आवळले. तेव्हांपासून नवीन पातें लावलें कीं आधीं टाकाऊ पत्र्यावर एक वर्तुळ कापून मोजण्याचा परिपाठ आम्हीं ठेविला आहे.

प्लॅस्टिक कापतांना नवख्याचा कल हळू जाण्याकडे असतो. आमचाहि होता, आणि पातें भुसा काढण्याऐवजीं घांसत राहून पत्रा वितळला व पात्यास गोळा होऊन चिकटला. एका धारेचें पातें मिनिटास १२,००० फेरे घेत असेल व प्रत्येक फेऱ्यास एकदशांश मिलिमीटर छिलका निघावा अशी इच्छा असेल तर चाल मिनिटास १,२०० मिलिमीटर पाहिजे. खोली मात्र थोडी थोडी घ्यावी. लांकूड कापावयाचें तर भुसा ओढून घेणारा पंखा व तोंडास मुखवटा पाहिजेच. लांकडाची बारीक धूळ कर्करोगास कारण होते असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें १९९५ सालींच ठरविलें आहे. मोटारीची तार वीज चालू असतां कधीं काढूं नये, नियंत्रक जळतो. आमचा एक तसाच गेला.

खेड्यांतील विजेची गोष्ट वेगळी सांगावयास नको. मध्येंच ती गेली कीं पातें कोठें उभें आहे हें यंत्र विसरतें, कारण या मोटारी केवळ धक्के मोजतात, जागा पाहत नाहींत. सतराव्या खांचेवर वीज गेलेली एक चकती आम्हीं खुंटीस टांगून ठेविली आहे. मग तिन्ही दिशांच्या टोंकांस स्विच बसविले. वीज आली कीं यंत्र प्रथम त्यांस जाऊन टेकतें व तेथून पुन्हां मोजूं लागतें; चकतीचा मध्य त्या टोंकांपासून किती दूर आहे तें पाटावर खडूनें लिहून ठेवावें. स्विचांच्या तारा आरंभीं राउटरच्या तारेस लागून नेल्या होत्या, तेव्हां त्याच्या खरखरीनें यंत्र उगाच थांबे. त्या दूर नेऊन जाळीदार वेष्टनाच्या घातल्यावर तें बंद झालें.

दोन-चार चकत्यांकरितां एवढा खटाटोप करावा काय, असें कोणी विचारील. करूं नये. जवळच्या गांवीं कोणाचें यंत्र असेल तर आकृति व मूठभर बियाणें घेऊन त्याजकडेच जावें. तीन आठवडे वांचतील. आम्हांस मात्र चवळी, मका व ज्वारी यांच्याहि चकत्या हव्या होत्या, शिवाय यंत्र खोलण्या-जोडण्याची हौस जुनी.

गेल्या खरिपांत टीपीजी ४१ आमच्याच चकतीनें पेरलें. खांच पहिल्या मापापेक्षां किती मोठी असावी हें दाणे चाळून, सर्वांत मोठा एकटा बसेल व दोन लहान मावणार नाहींत अशा बेतानें ठरविलें. यांत चार चकत्या वायां गेल्या. तुटाळ अगदीं नाहींशी झाली नाहीं. पाणी सांचणाऱ्या खालच्या कोपऱ्यांत ती होतीच, व एका तासांत उंदरांनीं दाणे उकरले. परंतु नांग्या भरण्यास या खेपेस बाहेरचें माणूस लागलें नाहीं. घरच्या दोघांनीं एका सकाळींत काम उरकलें.