सभेतील शब्द आणि रणातील अधिकार

वर्तकनगर परिसरातील आपल्यापैकी अनेकांनी ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह बाहेरून पाहिले असेल. ही वास्तू मूळची किल्ला होय. पोर्तुगिजांनी बांधावयास घेतलेला हा किल्ला मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. शेवटच्या हल्ल्याआधी, किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तोफेने आत उडवा, असे आप्पा म्हणाल्याची कथा आपण शाळेपासून ऐकतो. बखरवाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे विचारावे: हे शब्द टिपून कोणी ठेवले?

तुलनेसाठी प्रजासत्ताक रोम पाहू. तेथे सेनापतिपदाचा निर्णय पुष्कळदा भरसभेत होई. इ.स.पूर्व ६६ मध्ये मिथ्रिडेटीसविरुद्धच्या युद्धाचे नेतृत्व पॉम्पीला द्यावे, यासाठी सिसेरोने लोकांसमोर भाषण केले. युद्धाचे ज्ञान, पराक्रम, लौकिक आणि दैवाची साथ हे सेनापतीचे चार गुण त्याने सांगितले. पण त्याआधी आशिया प्रांताचा महसूल बुडाला तर रोममधील सावकारी कशी कोसळेल, हेही पटवून दिले. मतदारांपुढे केवळ शौर्याचे गोडवे पुरत नसत. (त्या भाषणपीठावर शत्रूच्या जहाजांच्या चोची बसविलेल्या होत्या, हेही सूचक आहे.)

सातारच्या दरबारात मन वळवायचे ते एकाच श्रोत्याचे, छत्रपती शाहूंचे. उत्तरेच्या मोहिमेला श्रीपतराव प्रतिनिधींनी विरोध केला तेव्हा थोरल्या बाजीरावांनी खोडावर घाव घातला की फांद्या आपोआप पडतील, असा दृष्टान्त दिल्याचे सांगतात. हिशेब नाही, आकडे नाहीत. निदान परंपरेने ते जपले नाहीत. जाणत्या धन्यापुढे एक प्रतिमा पुरेशी वाटली असावी.

मात्र दोन्ही भाषणांचा पुरावा सारख्या वजनाचा नाही. सिसेरोचे भाषण त्याच्याच लेखणीतून उतरले, अर्थात मागाहून घासूनपुसून. बाजीरावांचे व आप्पांचे उद्गार आपल्यापर्यंत आले ते इतरांच्या सांगण्यातून. वीराने ऐन प्रसंगी काय बोलावे, याविषयीची समाजाची अपेक्षा त्यांत दिसते, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला तीही मोलाची आहे. आप्पांची मोहीम समजून घ्यायची असेल, तर पेशवे दप्तरातील वसईची पत्रे वाचावीत. त्यांत सुरुंग, दारूगोळा आणि माणसांची चिंता आढळते.

स्वाध्याय: वरील मराठी उद्गारांपैकी कोणताही एक घ्या. तो ऐतिहासिक पुरावा म्हणून आणि वाङ्मयीन रचना म्हणून कसा वाचाल, ते स्वतंत्रपणे लिहा.