चावी फिरवली की नुसतं ‘टक्’? जुन्या मिनी ट्रॅक्टरची बॅटरी बदलण्याआधी या ५ गोष्टी तपासा

बिरवाडी (ता. महाड) : राबातली रोपं २१ ते २५ दिवसांची झाली, खाचरात पाणी उभं राहिलं. चिखलणीसाठी मिनी ट्रॅक्टर बाहेर काढायचा तर चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज. अशा वेळी पहिला अंदाज ठरलेला असतो : बॅटरी गेली. नवी बॅटरी म्हणजे काही हजारांचा खर्च आणि लावणीचा एक दिवस वाया. पण अनेकदा बॅटरी ठणठणीत असते, बिघाड असतो तो तिच्या जोडण्यांमध्ये.

कोकणात हा त्रास जास्त का?

भाताचा हंगाम संपला की अनेक मिनी ट्रॅक्टर काही महिने उभेच असतात. उभ्या बॅटरीचा चार्ज हळूहळू उतरतो. त्यात पावसाळ्यातली दमट हवा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो, अर्थच्या बोल्टखाली गंज धरतो.

स्टार्टर काही सेकंदांसाठी शंभरहून अधिक अँपिअर करंट ओढतो. सांध्यात अवघा ०.०२ ओहम रोध आला, तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. दिव्यांना मात्र करंट कमी लागतो. म्हणून दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण इंजिन फिरत नाही.

काय तपासायचं?

काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. आधी गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला हवा.

१. बॅटरी : इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, लगेच बदलू नका. स्टार्टर मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर मात्र बॅटरीवर संशय घ्या.

२. टर्मिनल : आधी निगेटिव्ह वायर काढा, जोडताना ती शेवटी जोडा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून थर धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

३. अर्थ : मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. ०.५ व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थची वायर किंवा तिचा बोल्ट खराब आहे. बोल्ट काढून खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासा.

४. फ्यूज आणि सेफ्टी स्विच : चावी फिरवूनही काहीच आवाज नसेल, तर इथे पाहा. अनेक मॉडेलमध्ये क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय स्टार्टरला करंट जात नाही. तो स्विच चिखलाने अडकतो. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. तार गुंडाळली, तर पुढच्या शॉर्टला वायरिंगच पेटू शकतं.

५. चार्जिंग : इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे का, ते इंजिन बंद करून पाहा. हे न पाहता नवी बॅटरी टाकली, तर तीही चार दिवसांत उतरेल.

पुराच्या पाण्यात बुडाला असेल तर?

२२ जुलै २०२१ ला महाड परिसरात पूर आला, तसं पाणी ट्रॅक्टरवर चढलं असेल तर चावीला हातच लावू नका. पहिलं काम निगेटिव्ह वायर काढायचं. वायरिंगचे सॉकेट उघडून गाळ धुवा आणि पूर्ण वाळू द्या. इंजिनात पाणी शिरलं नाही ना, याची मेकॅनिककडून खात्री करूनच स्टार्टर मारा.

हे मात्र करू नका

घाईच्या वेळी स्टार्टरचे दोन बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडून इंजिन सुरू केलं जातं. त्यात सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो सुरू होताच चालू लागतो, आणि माणूस उभा असतो नेमका चाकापुढे. पाचही तपासण्या होऊन फक्त ‘टक्’च येत असेल, तर बिघाड सोलेनॉइड किंवा स्टार्टरचा समजा. तो काढून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या.