प्रोपगंडा ओळखणारं मॉडेल खरं-खोटं सांगत नाही

‘मजकूर एआयला दाखवला, प्रोपगंडा नाही म्हणाला, म्हणजे बातमी खरी.’ चांगली शिकलेली माणसंही हे बिनदिक्कत बोलतात आणि तो मजकूर पुढे ढकलतात. ऐकून संताप येतो, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. आकडा अचूक असतो, घटना घडलेली असते. पण सोयीचं तेवढंच निवडून त्याला भीतीची फोडणी दिली की प्रोपगंडा तयार. उलट, शांत आणि सभ्य भाषेत धादांत खोटंही लिहिता येतं, आणि त्यात मॉडेलला खटकण्यासारखं काही सापडत नाही.

मॉडेल शोधतं त्या युक्त्या. अमेरिकेत १९३७ साली स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस’नं अशा सात युक्त्या सांगितल्या होत्या: शिक्के मारणं, सोयीचंच पुढे करणं, ‘सगळे येताहेत, तुम्हीही या’ वगैरे. संशोधक जोवान्नी दा सान मार्तिनो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ४५१ इंग्रजी लेखांत १८ युक्त्यांच्या जागांवर माणसांकडून खुणा करून घेतल्या. पुढच्या वर्षी ‘सेमइव्हल’ या भाषा समजणाऱ्या मॉडेलांच्या स्पर्धेत १४ युक्त्या ठेवल्या. मजकुरातला नेमका प्रचारी तुकडा शोधण्यात पहिल्या आलेल्या संघाचा एफ-१ गुणांक (अचूकतेचं एक माप) होता १०० पैकी सुमारे ५२. तुकडा हातात दिल्यावर युक्ती ओळखण्यात पहिल्या आलेल्या संघाचा सुमारे ६२. दावा खरा की खोटा, हे तिथं कुणी विचारलंच नव्हतं!

यावर लोकांची उत्तरं तयार असतात. ‘प्रोपगंडासाठी बदनाम संकेतस्थळांचे सगळे लेख मॉडेलला शिकवले की झालं.’ नाही. मग मॉडेल प्रोपगंडाऐवजी त्या संकेतस्थळाची लेखनशैलीच ओळखायला शिकतं.

‘मोठी मॉडेलं आली, प्रश्न मिटला.’ स्प्रेंकाम्प आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासात प्रोपगंडा ओळखण्यात जीपीटी-४ हे रोबेर्टा या जुन्या, कितीतरी लहान मॉडेलच्या जेमतेम बरोबरीला आलं.

‘यंत्राला बाजू नसते.’ मॉडेल ज्यावरून शिकतं त्या खुणा माणसांनीच केलेल्या असतात, आणि एकाच वाक्यावर त्यांचंही एकमत होत नाही.

‘मराठीतही तेवढंच चालेल.’ सेमइव्हलच्या २०२३ च्या स्पर्धेत नऊ भाषा होत्या, अगदी जॉर्जियनसुद्धा. भारतीय एकही नव्हती.

म्हणून मॉडेलनं खूण केलेलं वाक्य पुन्हा वाचा, त्यातला दावा मूळ स्रोताशी ताडून पाहा. आणि कृपा करून मॉडेलच्या उत्तराचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून कुणाला पाठवू नका.